उष्टा गडू

१

आखाजीला चार दिवस उरले असताना वाघुळखेड्याचा बोअर सुकदेवच्या हवाली झाला. त्याआधी गावानं त्याची मनसोक्त टिंगल करून घेतली होती.

वाघुळखेडं एरंडोलपासून तीन कोसांवर. चौकात लोकल बोर्डानं सहा वर्षांपूर्वी एकशेवीस फुटांचा बोअर पाडून वर हापसा बसवला होता. पहिली दोन वर्षं तो असा वाहिला की बायका नदीची वाट विसरल्या. मग धार बारीक होत गेली, आणि यंदा तर दंड भरून येईपर्यंत हापसावं तेव्हा हंड्याच्या बुडाशी चूळ भरण्याएवढं पाणी जमायचं. लोक म्हणाले, झरे आटले. सुकदेवनं गावातला एक जुना हंडा मागवून घेतला, आतली पांढरी खपली नखानं काढून दाखवली आणि म्हणाला, झरे आटले नाहीत, त्यांची तोंडं बुजलीत. पाण्यात चुना आहे. हंड्याला धरतो तसा तो खाली खडकाच्या भेगांनाही धरतो. तेजाब सोडून त्याला तो चुना खाऊ घातला की भेगा मोकळ्या होतील.

"म्हंजे आम्ही तेजाब पेवानं?" रुपचंद पाटलांनी विचारलं, आणि पारावरची माणसं हसली.

सुकदेव हसला नाही. तो गावचाच, पण अठरा वर्षं ब्रह्मदेशात तेलाच्या विहिरींवर राहून आलेला. तिथं त्याचं हेच काम होतं. तेल रुसलं की विहिरीत तेजाब सोडायचं, नळीला कान लावून बसायचं आणि खडक मोकळा झाल्यावर साहेबाला हाक मारायची. बेचाळीस साली जपानी आले. त्यांच्या हाती तेल लागू नये म्हणून त्याच विहिरी लोखंड न् सिमेंट भरून बुजवायचा हुकूम झाला. ज्या हातांनी उघडल्या त्याच हातांनी बुजवल्या, आणि सुकदेव चालत निघाला. गावी पोचला तेव्हा त्याच्याकडे अंगावरचं धोतर आणि पितळेचा एक गडू, एवढंच होतं. निघताना बरोबर त्याची पोर होती. यशोदा, दहा वर्षांची. सगळे तिला यसू म्हणत.

थोरली बहीण भिकुबाई, म्हणजे अक्का, विधवा होऊन माहेरीच राहत होती. तिनं त्याला घरात घेतलं आणि फार काही विचारलं नाही.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन तऱ्हेच्या माणसांची वाट बघतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि जी कायमची गेली त्यांच्या नावानं घरोघर मातीची घागर पाण्यानं भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात. वर्षाची तहान त्या एका दिवशी भागते म्हणे. म्हणून तर गावाला आखाजीच्या आत पाणी हवं होतं. नदीतल्या गढूळ पाण्यानं पितरांच्या घागरी कोण भरणार?

कामाला निघताना अक्कानं त्याला दारात गाठलं. कुंभाराकडून आणलेल्या घागरी तिनं ओट्यावर मांडल्या होत्या. वडिलांची, आईची, आणि ब्रह्मदेशात बाळंतपणात गेलेल्या सुकदेवच्या बायकोची. शेवटी एक लहानशी, पोराच्या हातात मावेल अशी.

"सुकदेव, यंदा यसूनी बी भरी टाकूत का रे? दोन वरीस व्हयनात."

"जित्या पोरनी कोनी घागर भरस का, अक्का?"

अक्कानं लहान घागर उचलून कोनाड्यात ठेवली. फेकली मात्र नाही.

२

मदतीला एरंडोलचा रहीम मिस्त्री होता. हापशांची दुरुस्ती करणारा, बोलका, कामाला चोख. दोघांनी हापसा उतरवून बोअरचं तोंड मोकळं केलं. तेजाब जळगावहून बैलगाडीतनं आलं होतं, गवतात गुंडाळलेल्या काचेच्या मोठाल्या बरण्यांतून. वरून ओतलं तर ते आधी लोखंडाची नळीच खातं, म्हणून सुकदेवनं शिशाची बारीक नळी थेट तळापर्यंत सोडली, तोंडावर ओलं उपरणं बांधलं आणि हळूहळू तेजाब उतरवलं. मागून त्याला ढकलायला चार हंडे पाणी. मग बोअरच्या कडेला आडवा होऊन त्यानं नळीला कान लावला.

तापल्या तेलात पापड टाकावेत तसा आवाज. तो मनातल्या मनात मोजत राहिला. दुपारपर्यंत आवाज उतरला, मग विरला. दोघांनी बादलीनं तेजाब मिसळलेलं पाणी उपसलं आणि सुकदेवनं त्यात पाटीवरच्या खडूची कांडी टाकली. तेजाबात जीव असेल तर खडू फसफसतो. कांडी बुडाली आणि गप पडून राहिली.

"मरनं," रहीम म्हणाला. "चाला, भाकर खाऊत."

निघता निघता सुकदेवनं सवयीनं पुन्हा कान लावला.

खाली आवाज होता.

हा उकळीचा नव्हता. घट, घट, घट. थोडं थांबून एक लांब श्वास. मग पुन्हा घट, घट, घट, आणि श्वास. तीनच घोट दर वेळी. चौथा नाही.

"रहीम, ऐक जरा."

रहीम वाकला. ऐकता ऐकता त्याच्या कपाळाला आठी पडली, पण तो लगेच उठला. "हवा शे, भाऊ. भेगा मोकळ्या व्हयन्यात, त्या पानी वढी राहिन्यात."

सुकदेवला हे पटलं. अठरा वर्षांत त्यानं शेकडो विहिरींना असं पाणी ओढताना ऐकलं होतं. पण विहीर ओढायला लागली की सलग ओढते. मध्ये थांबून दम खात नाही.

३

यसू गडूला तोंड लावून पाणी प्यायची. आई ओरडायची, उष्टं करू नको, वरून पी. वरून प्यायला गेलं की तिच्या नाकात जायचं. तीन घोट घ्यायची, हाश्श करायची, पुन्हा तीन. आणि कितीही तहान असली तरी अर्धा गडू ठेवायची. विहिरीवरून बाबा तापून येणार, त्यांना लागेल, असं म्हणायची. आई गेल्यावर तिची वेणीही सुकदेवच घालायचा. लोखंडाच्या साखळ्या ओढणारे हात ते, भांग कधी सरळ निघाला नाही. डावीकडून सुरू व्हायचा आणि मध्येच उजवीकडे वळायचा. शेजारणी हसायच्या. यसू म्हणायची, राहू द्या, मन्हा भांग असाच शे.

तेलावरचे लोक दोराला एक खास गाठ मारतात. ओझं आलं की घट्ट होते, आणि उलटी ढकलल्याशिवाय सुटत नाही. ती गाठही त्यानं तिला खेळता खेळता शिकवली होती.

गावाला त्यानं जे सांगितलं ते एवढंच. डोंगरातली वाट, हजारो माणसं, पोरीला ताप भरला. तिला एका झाडाखाली बसवलं, आठेच बस, हालू नको असं सांगितलं आणि पाण्याला खाली उतरलो. वर आलो तर ती नव्हती. दोन दिवस शोधलं. कुणी तरी घेऊन गेलं असेल, कुठल्या तरी छावणीत असेल. सांगितलेलं कधी न मोडणारी पोर ती, बोलावल्याशिवाय कशी उठेल?

यात खोटं काही नव्हतं. फक्त मधलं एक गाळलेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी बोअरमधली पातळी मोजली, तर ती कालच्यापेक्षा बारा फूट खाली. भेगा मोकळ्या झाल्यावर पाणी चढायला हवं. इथं उतरत होतं. रुपचंद पाटील येऊन उभे राहिले, आत डोकावले आणि मान हलवून निघून गेले. पाटलांचं ते मान हलवणं सुकदेवला टिंगलीपेक्षा जड गेलं.

दुपारी चौकात चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की सावल्या पायाखाली शिरलेल्या. सुकदेवनं आपला गडू काढला, पाण्यानं भरला आणि त्याच्या गळ्याला दोर बांधून बोअरमध्ये सोडला. कशाला, हे त्यानं रहीमला सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं, की खालचं पाणी वर आणून चव बघायची आहे. भरलेला गडू कोणी पाणी आणायला सोडतं का, हा प्रश्न त्यानं मनाला विचारू दिला नाही.

पातळी लागायच्या आतच दोर हलका झाला. वर ओढला तर गडू रिकामा.

"कलंडना व्हई," रहीम म्हणाला.

सुकदेवनं तीन बाजूंनी दोऱ्या बांधल्या, गडू कलंडणार नाही असा तोलला, काठोकाठ भरला, बाहेरून धोतरानं कोरडा पुसला आणि पुन्हा सोडला. पुन्हा तेच. घट, घट, घट, श्वास. वर आलेला गडू आतून रिकामा, बाहेरून कोरडा ठणठणीत. फक्त काठाची एक बाजू ओली होती. बोटभर जागा.

रहीमनं ती बघितली. मग त्यानं आपले पाने, हातोड्या एकेक करून पिशवीत भरल्या.

"सुकदेवभाऊ, मी तुम्हले नही म्हनत नही. पन मी आते या नळीले हात लावाव नही. तुम्ही बी लावू नका."

"हवा शे, तूच म्हने ना?"

"व्हय. हवाच शे." रहीम त्याच्याकडे न बघता म्हणाला. "म्हनीसनच सांगस, चाला घर."

५

त्या संध्याकाळी सुकदेव जेवला नाही. अक्का चुलीपाशी बसून होती. तो तिच्यासमोर येऊन बसला आणि गडू दोघांच्या मध्ये ठेवला.

"अक्का, एक सांगानं राही गयं."

"सांग."

"मी एकदाव नही, दोनदाव पानीले गऊ व्हतू." त्यानं गडूचा काठ बोटानं चाचपला. "पहिलांदा गडू भरीसन निंघनू. चढ व्हता. तीन दिवस मन्हा पोटमा पानी नही. म्हनं एक घोट लेऊत, मंग वर जाता येई. एक लिधा. मंग आखो एक. पोरले अर्ध पुरी, आसं म्हनं. वर पोचनू तवय गडूमा काहीच नव्हतं, अक्का. मी पोरना वाटानं पानी पी टाकं."

अक्कानं चुलीतली लाकडं मागे ओढली.

"तिनं गडू लिधा. वठले लावा. मंग मन्हाकडे दखं. म्हने, बाबा, रिकामा शे." त्यानं समोरचा गडू उलटा करून दाखवला. "रागे भरनी नही. आसंच म्हने. मंग मी धावत खाले गऊ, आनि परत उनू तवय..."

अक्कानं त्याचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस लहान पोरासारखा रडला, आणि दोन वर्षं जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडला. बऱ्याच वेळानं अक्का म्हणाली, "तहान कोनलेच वळखस नही रे. ना बाप, ना पोर."

"ती तठेच बशेल शे, अक्का. मीच सांगं व्हतं, हालू नको म्हनीसन."

अक्कानं कोनाड्याकडे बघितलं. लहान घागर तिथं अंधारात होती. ती भरायची की नाही, हे आता तिलाही कळेना.

६

आखाजीच्या दिवशी गाव झोक्यांच्या गाण्यांनी भरलं होतं. माहेरवाशिणी चिंचांखाली, माणसं सावलीला. उन्हानं तापलेल्या चौकात एकटा सुकदेव. सकाळपासून त्यानं पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

त्यानं आरसा आणला होता. बोअरच्या कामाची ही जुनी रीत, आरशावर ऊन झेलून नळीत पाडायचं, म्हणजे आतली भिंत दिसते. त्यानं आरसा धरला. उन्हाची चकती सरकत सरकत खाली गेली. लोखंडी नळी संपली, काळा खडक लागला. तेजाबानं धुतलेल्या भेगा स्वच्छ दिसत होत्या. काम चोख झालं होतं. मग चकती आणखी खाली गेली, आणि तिथं काळ्यावर एक पांढरी रेघ होती.

चुना, त्याला वाटलं. थोडा राहिला असेल.

रेघ डावीकडून सुरू होत होती आणि मध्येच उजवीकडे वळत होती.

दोन्ही बाजूंचं काळं खडकाचं नव्हतं. त्यावर उन्हाची तेलकट चमक होती. सुकदेव श्वास धरून बघत राहिला. चुन्याची रेघ अशी वळू शकते, तो मनाला सांगत होता, खडकाची भेग वळते तशी चुन्याची रेघ वळते. आणि मग ती रेघ सावकाश मागे सरकू लागली. खाली मान घालून बसलेलं कुणी वर बघायला मान उचलतं, तशी.

आरसा त्याच्या हातातून सुटला. तो काही त्यानं उचलला नाही.

गडू भरला, तेलावरची ती गाठ मारली, सोडला. दर दहा फुटांवर दोराला खूण होती. बारा खुणा गेल्या की तळ. बारावी गेली, तेरावी गेली, अठरावी गेली, दोर जातच राहिला आणि मग कुणी तरी तो अलगद धरला. त्यानं नळीवर तोंड टेकवलं.

"यसू. मी उनू, बाई."

घट, घट, घट. श्वास. घट, घट, घट. आणि थांबलं. दोराला खालून दोन लहान हिसके आले, वर घ्या म्हणून.

त्यानं ओढला. गडू वर आला तो अर्धा भरलेला होता.

काठाची एक बाजू ओली. अर्धं पाणी राखून ठेवलेलं. सुकदेवच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती. तिथं, त्या चढावर त्यानं जे करायला हवं होतं ते त्यानं आता केलं. गडू तोंडाजवळ न नेता परत नळीत सोडला.

"बठ्ठं तूच पी. मन्हासाठे ठेवू नको. माले तहान नही, बाई. आते ऊठ. घर चाल."

खाली पुष्कळ वेळ काहीच वाजलं नाही. मग घोट ऐकू आले. तीन, चार, पाच, न थांबता, शेवटपर्यंत. आणि मग दोर सैल पडला.

त्यानं तो वर घेतला. टोकाला गडू नव्हता. दोर तुटला नव्हता, झिजला नव्हता, तेजाबानं खाल्लाही नव्हता. गाठ उलटी ढकलून नीट सोडवलेली होती.

तेवढ्यात खालून गडगडाट आला. गार हवेचा झोत त्याच्या तोंडावर आदळला आणि बोअरमध्ये पाणी चढू लागलं, हात घातला तर ओला होईल इतकं वर. कुणी तरी ते पाहून ओरडलं. झोके थांबले, बायका घागरी घेऊन धावत आल्या, रुपचंद पाटील डोक्यावरचा रुमाल सांभाळत आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत सुकदेवच्या पाठीवर थाप मारली. सुकदेव दोराचं मोकळं टोक मांडीवर घेऊन बोअरच्या कडेला बसला होता.

अक्का लहान घागर घेऊन आली. "चाल घर, सुकदेव. ऊन लागी."

"ती गडू ली गयी, अक्का."

"मंग?"

"मन्हासाठे पानी लेवाले गयी ती." तो अगदी शांतपणे बोलत होता. "ती परत येई आनि मी आठे नही दिसनू, मंग? माले आते हालता येवाव नही."

अक्का हातातल्या घागरीकडे बघत उभी राहिली. ती तशीच रिकामी घेऊन घरी गेली.

७

बोअरचं पाणी त्यानंतर कधी कमी झालं नाही. हापसा पुन्हा बसवायला रहीम आला, आणि सुकदेव जिथं बसायचा तिथं त्यानं चार बांबू रोवून तट्ट्याची सावली करून दिली. पैसे, चहा काही घेतलं नाही. सुकदेव उजाडताच यायचा, दिवस मावळला की अक्का त्याला हाताला धरून न्यायची. बायका येता जाता त्याला पाणी द्यायच्या. तो अर्धं प्यायचा आणि अर्धं शेजारी झाकून ठेवायचा. भादव्यात ताप आला. तीन दिवसांत सगळं संपलं. शेवटपर्यंत त्याचं तोंड दाराकडे होतं.

पुढच्या आखाजीला अक्कानं ओट्यावर एक घागर वाढवली. ती सुकदेवची. यसूची लहान घागर तिनं कोनाड्यातून काढली, पुसली आणि पुन्हा कोनाड्यात ठेवली. भरायला तिचा हात धजला नाही.

संध्याकाळी ती घागरी उचलायला गेली. वडिलांची, आईची, भावजयीची, तिन्ही सकाळी भरल्या तशाच भरलेल्या होत्या. सुकदेवची अर्धी होती. वैशाखाचं ऊन, नवी माती, पाझरली असेल, असं अक्का स्वतःशी म्हणाली. खाली हात फिरवून बघितला तर ओटा कोरडा होता. मग तिनं काठावरून बोट फिरवलं. काठ सगळीकडे कोरडा होता, फक्त एका बाजूला बोटभर ओला.

अक्कानं ते अर्धं पाणी सांडलं नाही. तिनं घागरीवर झाकण ठेवलं आणि त्या रात्री कडी न लावता दार नुसतंच लोटून घेतलं.